दमकश

१

जयंतचा शनिवारचा रियाज सकाळी साडेनऊला म्हणजे साडेनऊलाच. इंग्लंडातल्या रीडिंगमध्ये बर्फ पडो, बॉयलर बंद पडो, पाहुणे दारात उभे राहोत, तो काही बदलायचा नाही. बेसिंगस्टोकच्या ऑफिसात आठवडाभर लोकांच्या चुका काढणारा हा माणूस शनिवारी सकाळी कुर्ता घालून गॅरेजात शिरायचा. गॅरेजाचा त्याने स्टुडिओ केला होता.

सत्तावीस वर्षं या रियाजाची सुरुवात रेखाने केली. गवसणी काढायची, तंबोरा लावायचा आणि मागे बसायचं. दोघंही पुण्यात एकाच बाईंकडे शिकलेली, त्यातही रेखा दोन वर्षं आधीपासून. बाई म्हणायच्या, गळा रेखाचा आणि हौस जयंतची. लग्नानंतर हौस जिंकली. मैफली जयंतच्या झाल्या, लेस्टरपासून कार्डिफपर्यंत, आणि रेखा त्याच्या मागे बसून चार तारा छेडत राहिली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि न बोलणाऱ्याचं बरं चाललंय असंच लोक धरून चालतात.

मार्चमध्ये तंबोरा कपाटावर गेला आणि त्याच्या जागी लॅपटॉप आला. त्यातून एकच सूर यायचा, घोगरा आणि उबदार, लाकडातून आलेला. दुदुक नावाच्या आर्मेनियन वाद्याचा तो सूर होता. जर्दाळूच्या लाकडाची जाड पिपाणी आणि तिला फुंकायला बोटभर रुंद पत्ती. जयंतने त्या सुराचा आठ सेकंदांचा तुकडा कापून तोच एकापुढे एक शेकडो वेळा चिकटवला होता. सांधा कुठे कळत नव्हता. लोकांचे सांधे पकडणाऱ्याला आपले लपवता येतातच.

एप्रिलमधल्या एका शनिवारी रेखा स्वयंपाकघरात भेंडी पुसत होती. गॅरेजातून सूर येत होता, वर जयंतचा आलाप होता. आणि त्या सुरात कोणीतरी श्वास घेतला. नाकाने, पटकन, शेजारच्याला कळू नये असा.

ती हात पुसत गॅरेजाच्या दारात आली. "जयंत, ह्यात श्वास ऐकू येतोय."

"कशात?"

"तुझ्या त्या लूपमध्ये."

"इम्पॉसिबल. तो वाजवणारा म्हातारा जिथे श्वास घेत नाही असेच आठ सेकंद मी शोधून काढलेत. दोन रात्री गेल्या त्यात माझ्या." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. निळी रेघ अगदी गुळगुळीत होती. "आणि लॉजिकली बघ ना. असता, तर दर आठ सेकंदांनी आला असता."

ते खरंच होतं. ती दारात पाच मिनिटं उभी राहिली. काही आलं नाही. भेंडीकडे परत गेली, सुरी हातात घेतली आणि तो पुन्हा आला. या वेळी जरा लांब होता, दमलेल्या माणसाचा. आठ सेकंदांचा तुकडा मध्येच एकदा श्वास कसा घेईल? मग पाईपमध्ये हवा असेल अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि भेंडी चिरली.

२

तो सूर वाजवणाऱ्या नशानकाकांना त्या घरात आणलं ते रेखानेच. ही गोष्ट तिला पुढे पदोपदी टोचत राहिली.

मेडनहेड स्टेशनजवळ त्यांचं छोटं दुकान होतं, बूट दुरुस्त करायचं आणि किल्ल्या करून द्यायचं. रेखाच्या बुटाची टाच निघाली म्हणून ती गेली, तर मागच्या खोलीत एक लांबलचक सूर चालू होता. ती काउंटरशी उभी राहिली. पाच मिनिटं झाली, सात झाली, सूर तुटेना. मग पॉलिशने काळी झालेली बोटं पुसत ऐंशीच्या घरातला एक ठेंगणा माणूस बाहेर आला आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागू लागला.

पुढे टाच निघालेली नसली तरी ती जायची. काकांचं इंग्रजी तुटक होतं, पण सांगायची हौस मोठी. त्यांच्याकडे दुदुक नेहमी जोडीने वाजतो. एक जण गाणं वाजवतो, दुसरा खालचा एकच सूर धरून बसतो. त्या धरलेल्या सुराला म्हणायचं दम आणि धरणाऱ्याला दमकश. श्वास तोडायचा नाही. गालात हवा साठवायची, ती गालांनी ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकाने नवी आत घ्यायची. रेखाला लगेच कळलं. आपल्या लग्नात सनईवाल्यामागे एक जण नुसता सूर देत बसलेला असतो, फुगलेल्या गालांचा, डोळे बाहेर आलेला. पाहुणे सनईवाल्याला दाद देतात. त्याला पाणीसुद्धा शेवटी मिळतं.

काका चाळीस वर्षं थोरल्या भावाचे दमकश होते. भावाच्या सतरा रेकॉर्ड निघाल्या. एकीवरही काकांचं नाव नव्हतं. त्यांच्याजवळ जुन्या स्तोत्रांची एक वही होती. हजारेक वर्षांपूर्वीची ही चर्चमधली गाणी, अक्षरांच्या डोक्यावर बारीक वाकड्या खुणा. त्या खुणा आता कोणालाच धड वाचता येत नाहीत, चाली तेवढ्या तोंडी टिकल्यात, असं ते म्हणायचे.

"पण दम यात कुठेच लिहिलेला नाही," ते हसून म्हणाले होते. "दम कोणी लिहीत नाही. तो असतो."

जयंतला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. त्या स्तोत्रांच्या चाली भैरवाच्या किती जवळ आहेत, त्यावर केवढा मोठा कार्यक्रम होईल. नोव्हेंबरमध्ये त्याने काकांना गॅरेजात बोलावलं. काका टाय लावून आले. सुरुवात करायच्या आधी त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. कार्यक्रमाच्या कागदावर आपलं नाव असावं. आणि शेवट आपल्याला करू द्यावा.

"दम सगळ्यांच्या आधी सुरू होतो," ते म्हणाले, "आणि सगळ्यात शेवटी थांबतो. गाणारा आधी थांबतो. मग आम्ही. तो सूर अर्धा ठेवायचा नसतो."

"काळजी करू नका," रेखा म्हणाली. "मी बघते."

बावीस मिनिटं काकांनी सूर धरला. जयंत गायला, छानच गायला. गाणं संपलं तसा त्याने डावा हात वर करून मूठ मिटली, बस अशा अर्थी. काका डोळे मिटून सूर खाली उतरवत होते. जयंतने बटण दाबलं आणि हेडफोन काढले.

"मिळालं. ग्रेट. थँक यू, मिस्टर नशान."

काकांनी डोळे उघडले. दुदुक ओठांवरून काढायला त्यांना वेळ लागला. "माझं संपलं नव्हतं," ते म्हणाले.

"एडिटिंगमध्ये बघून घेतो," जयंत म्हणाला.

नंतर त्यांनी चार फोन केले, पुन्हा एकदा बसू या म्हणून. जयंतने ते घेतले नाहीत. रेखाने आज सांगते, उद्या सांगते करत तीन महिने काढले. फेब्रुवारीत ती मेडनहेडला गेली तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं आणि त्यावर चिठ्ठी होती. छातीचं दुखणं, दवाखान्यात आठ दिवस, आणि काका गेले.

घरी येऊन तिने सांगितलं. जयंतला वाईट वाटलं, नाही असं नाही. "सॅड," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं, आपल्याकडे त्यांचं सॅम्पल आहे."

त्या क्षणी रेखाला त्याचा इतका राग आला की ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली.

३

मे महिन्यात जयंतचा दम वाढला.

पूर्वी तो षड्ज वीस सेकंद लावायचा, फार तर पंचवीस. रेखाला हे पाठ होतं. मागे बसणाऱ्याला पुढच्याचा श्वास मोजायची सवय लागते. आता तो पस्तीसवर गेला, मग पन्नासवर. एका शनिवारी तिने मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघून मोजलं. एक मिनिट बारा सेकंद.

"ऐकलंस का?" तो बाहेर येऊन म्हणाला. कपाळावर घाम होता, चेहरा लाल झाला होता. "या वयात! प्राणायाम कामाला येतोय."

"मध्ये श्वास घेतोस का रे कुठे?"

"घेत असेन की. आपोआप." तो हसला. "जळतेस तू माझ्यावर."

आणि नाकाने घेतलेला तो श्वास आता लॅपटॉप बंद असतानाही यायचा. रेखाला तो कपडे वाळवायच्या मशीनमागे ऐकू आला. जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर ठेवतात तिथे आला. ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कान तपासले, या वयात कानात आवाज येतात म्हणाले आणि एक पत्रक दिलं. पत्रकात लिहिलं होतं की आवाजाकडे दुर्लक्ष करावं. ती प्रामाणिकपणे दुर्लक्ष करू लागली. पण त्या कपाटाला बूट पॉलिशचा वास यायला लागला, आणि त्या घरात पॉलिश करायचे बूट कोणी घालत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी जयंत आंघोळीला गेला आणि शॉवरखाली गायला लागला. वर बॉयलर घुमत होता. रेखा बिछाना आवरत होती. चादर घालून झाली, उशांचे अभ्रे बदलून झाले, जयंतचा षड्ज तसाच चालू. तिने दार ठोठावलं. उत्तर नाही, षड्ज चालू. तिने दार उघडलं.

तो पाण्याखाली उभा होता. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, ओठांच्या कडा निळसर. आणि डोळे तिच्याकडे लागलेले. इतके घाबरलेले डोळे तिने त्याचे कधी पाहिले नव्हते. तिने काही करायच्या आत बॉयलर खट्‌कन बंद झाला, घरातली घुमघुम थांबली, आणि जयंत भिंतीला टेकून हपापल्यासारखा श्वास घेऊ लागला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "रियाज." आणि दात घासायला लागला.

रेखा सुशिक्षित बाई. शाळेच्या ऑफिसात काम करते, कुठल्या बाबा-बुवाच्या नादी लागलेली नाही. योगायोग असतो हे तिला माहीत होतं. म्हणून पुढच्या शनिवारी तिने नीट पडताळून बघायचं ठरवलं. लॅपटॉप सांभाळायला म्हणून ती गॅरेजात बसली. जयंतने षड्ज लावला. तिने मनात तीस मोजले आणि स्पेस बार दाबला. सूर थांबला, जयंत थांबला.

"का गं?"

"चुकून लागलं."

पुन्हा लावला. साठ मोजले, दाबला. जयंत थांबला. तिसऱ्यांदा ती नव्वदपर्यंत गेली. त्याची मान थरथरू लागली, मांडीवरचा हात झटके देऊ लागला. तेव्हा थांबायला हवं होतं. ती पंच्याण्णवपर्यंत गेली. पाच सेकंद जास्त. ते पाच सेकंद तिला बरे वाटले, आणि बरे वाटले याचीच तिला मग दिवसभर भीती वाटत राहिली.

४

कार्यक्रम जूनमधल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजता, रीडिंगशेजारच्या अर्लीतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये. पोस्टर त्यांच्या मुलीने, अक्षराने केलं होतं. ती इथेच जन्मलेली, ब्रिस्टलला नोकरी करणारी. 'प्राचीन आर्मेनिया ते भैरव'. खाली लिहिलं होतं, स्वर आणि संकल्पना: जयंत. त्याखाली, ड्रोन डिझाइन, म्हणजे तो धरलेला सूर: जयंत.

हॉलकडे जाताना गाडीत रेखा म्हणाली, "अजून वेळ आहे. सुरुवातीला बोलताना तरी त्यांचं नाव घे."

"कोणाचं?"

"नशानकाकांचं. त्यांनी तेवढंच मागितलं होतं, जयंत. मी कबूल केलं होतं."

"आता त्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

जयंतने राउंडअबाउटवर डावीकडे-उजवीकडे नीट बघितलं. तो चिडला नव्हता, हे रेखाने मुद्दाम लक्षात ठेवलं. तो अगदी प्रेमाने बोलला.

"अगं, तंबोऱ्याचं नाव कोणी टाकतं का? तुझं कधी टाकलं का?"

मागच्या सीटवरून अक्षरा म्हणाली, "बाबा, दॅट्स अ बिट हार्श. आईची नाव असायला पाहिजे होता."

"ती माझी बायको आहे, तिला कशाला नाव," तो म्हणाला, आणि बापलेक दोघंही हसली. रेखाही हसली. सवय होती. गाडीची खिडकी बंद होती, तरी तिच्या कानाशी कोणीतरी नाकाने श्वास आत घेतला, पुढे बरंच काम असल्यासारखा, सावकाश. या वेळी ती दचकली नाही.

५

हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं होती. खिडक्यांतून ऊन येत होतं, मागे चहाचे कप मांडलेले होते. बैठकीवर पांढरी चादर, पुढे जयंत रेशमी कुर्त्यात, आणि त्याच्या मागे डावीकडे रेखा, तिच्या नेहमीच्या जागी. फक्त मांडीवर तंबोऱ्याऐवजी लॅपटॉप.

तिने स्पेस बार दाबला. सूर सुरू झाला. सगळ्यांच्या आधी.

जयंत सुंदर गायला, हे कोणालाही कबूल करावं लागेल. त्या हजार वर्षांच्या चालीत त्याने भैरवाचा कोमल ऋषभ असा मिसळला की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. वीस मिनिटं झाली. तो शेवटच्या षड्जावर आला, स्थिर झाला, आणि त्याने डावा हात वर करून मूठ मिटली.

रेखाने स्पेस बार दाबला. ही गोष्ट नीट ऐकून ठेवा, तिने दाबला. स्क्रीनवरची सरकणारी रेघ जागच्या जागी थांबली.

सूर थांबला नाही.

तिने पुन्हा दाबला. मग स्पीकरची वायर काढली. स्पीकरवरचा हिरवा दिवा विझला. सूर होता तसाच, घोगरा, उबदार, भरलेला, आणि त्याच्यावर जयंतचा षड्ज. कोणीतरी "वा" म्हणालं. एक मिनिट झालं तशा टाळ्या सुरू झाल्या. दीड मिनिट झालं तशी माणसं उभी राहिली. पहिल्या रांगेत अक्षरा फोनवर रेकॉर्ड करत होती आणि अभिमानाने हसत होती.

जयंतची मूठ अजून वर होती. त्याला मान वळवता येत नव्हती, पण डोळे वळले. शॉवरखालचे तेच डोळे, रेखाला शोधणारे.

सूर येतो कुठून, ते रेखा बघू लागली. तिने लॅपटॉप अर्धा मिटला होता. काळ्या झालेल्या स्क्रीनमध्ये तिचा चेहरा दिसत होता. गाल फुगलेले होते. टम्म, गोल, सनईवाल्यामागच्या माणसाचे असतात तसे. तिच्या ओठांवर एक बारीक कंप होता आणि त्या कंपाची चव लाकडाची होती. उजवीकडून, अगदी जवळून, बूट पॉलिशचा वास येत होता. तिच्या शेजारी चादर दबलेली होती, कोणी मांडी घालून बसलं की दबते तेवढी, आणि चादरीच्या दुमडीवर काळ्या बोटांचे ठसे होते. तिने त्या बाजूला मान वळवली नाही.

आपल्याला थांबता येईल, हे तिला स्वच्छ कळत होतं. कोणी तिला धरून ठेवलं नव्हतं. गाल सैल सोडायचे, बस. जयंत सुटेल, घरी जाईल, चहा मागेल. त्याचा तो वर केलेला हात ती बघत राहिली. नोव्हेंबरात गॅरेजात वर झाला होता तोच हात, तीच मिटलेली मूठ. सत्तावीस वर्षं त्या मुठीबरोबर ती थांबत आली होती. माझं संपलं नव्हतं, असं काका म्हणाले होते. तिचं तर सुरूच झालं नव्हतं.

टाळ्या विस्कळीत होत गेल्या. मागे कोणाचा तरी कप फुटला. अक्षराने फोन खाली घेतला. ती हसत नव्हती.

"आई?" ती म्हणाली. "आई, बाबा..."

काकांना दिलेला शब्द रेखाला आठवला. काळजी करू नका, मी बघते.

ती बघत होती. तिने नाकाने, शेजारच्याला कळू नये असा, श्वास आत घेतला.